रविवारचं वेटिंग, खिचडी आणि कोपऱ्यातलं टेबल

नमस्कार सर, रिव्ह्यू काल रात्री वाचला, सकाळी परत वाचला. रविवारी साडेनऊला तुम्ही फॅमिलीसोबत आलात, आमच्या मुलाने दहा मिनिटं सांगितली आणि लागली पन्नास, आई बाहेर उभ्या, आत कोपऱ्यात सहा जण खाऊन झाल्यावरही पुस्तकांवर गप्पा मारत बसलेले आणि त्यांना कोणी उठवलं नाही, शेवटी साबुदाणा खिचडी आली तीही गार आणि गोळा झालेली. सगळं खरं आहे, मी गल्ल्यावरच होतो.

आईंची मनापासून माफी मागतो. त्या पिशवीतून पुस्तक काढून उभ्या उभ्या वाचत होत्या, मला काचेतून दिसत होतं, आणि तरी आतलं स्टूल बाहेर नेऊन द्यायचं मला सुचलं नाही. आता बाहेर बाकडं टाकलंय. आणि गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून दहा मिनिटं सांगायची सवयही बंद, वहीत नाव लिहायचं आणि पाऊण तास असेल तर पाऊण तासच सांगायचा.

खिचडीचं तर फारच लागलं मनाला. साबुदाणा आम्ही रात्री जेमतेम बुडेल एवढ्याच पाण्यात भिजवतो, सकाळी दाणा बोटात दाबला की सहज दबायला हवा, मग कूट, मीठ, साखर लावून ठेवायचं आणि ऑर्डर आली की तुपात जिरं मिरची टाकून परतायचं, अशी पद्धत. रविवारी गर्दी बघून पोरांनी मोठ्या कढईत एकदम पंधरा प्लेट केल्या आणि झाकून ठेवल्या, झाकणाखाली वाफ कोंडली की साबुदाणा चिकट होणारच. आता एका घाण्यात चार प्लेट, वर नाही, वेळ लागला तरी चालेल. तुमचे पैसे परत देतो, बिल नसलं तरी या.

आता ते टेबल. तुम्ही म्हणता अर्ध्या तासाची पाटी लावा. ती मी नाही लावणार. त्या सहा जणांत चार रिटायर्ड काका आणि दोन कॉलेजच्या मुली, ओळख इथेच शेजारशेजारच्या टेबलांवर झाली. त्या दिवशी विषय होता कोसला, म्हणजे भालचंद्र नेमाड्यांची 1963 सालची कादंबरी, गावाहून पुण्यात शिकायला आलेल्या पांडुरंगची. एक काका म्हणाले, हा पांडुरंग नुसते बापाचे पैसे उडवतो, तर खानदेशातून आलेली, इथे कॉट बेसिसवर राहणारी मुलगी बशी बाजूला सारून पान उघडून म्हणाली, काका तुम्ही सदाशिव पेठेतच जन्मलात, गावाहून पुण्यात येऊन राहणं काय असतं ते तुम्हाला कसं कळणार. काका जरा वेळ गप्प, मग म्हणाले, वाच परत तेवढं. मी सुट्टे मोजायचं सोडून ऐकत बसलो होतो. अशा माणसांना उठा म्हणायला माझी जीभ रेटत नाही सर, त्यासाठीच तर हे दुकान काढलं.

पण त्यांच्या गप्पांसाठी तुमच्या आईंनी उभं राहायचं हेही बरोबर नाही. त्यांच्याशी बोललो, त्यांनाच वाईट वाटलं. मागच्या खोलीतला किराणा माळ्यावर टाकून तिथे पुस्तकांचं कपाट आणि दोन बाकडी लावलीत, खाऊन झालं की चहा घेऊन तिकडे बसायचं, मग कितीही वेळ बसा.

साडेआठच्या आत आलात तर टेबल लगेच मिळतं. आईंना नक्की आणा, त्या कोणतं पुस्तक वाचत होत्या ते विचारायचं राहिलंय.