प्रेझेंटीचा बाऊ की हिशेब? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बीएस्सीच्या पहिल्या वर्षावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया सावकाश वाचली. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: 75 टक्के हजेरीचा मी उगाच बाऊ केला, झेरॉक्सवाल्याकडे नोट्स आणि यूट्यूबवर व्हिडिओ असताना तासाला बसून काही हाती लागत नाही, शेवटी मेडिकल (आजारपणाचं डॉक्टरी सर्टिफिकेट) दिलं की सगळं मिटतं, आणि पहाटे पेपर टाकून, संध्याकाळी दुकानात उभं राहून शिकणाऱ्या मुलांचा लेखात कुठे विचारच नाही. यातला शेवटचा आक्षेप अगदी रास्त आहे. बाकी तिन्हींबद्दल मात्र थोडं भांडायचंय.

रटाळ तास असतात, आणि पीपीटी वाचून दाखवणाऱ्यांची वकिली मला करायची नाही. दांडी मारायची तर मारा, पण आधी कागदावर आकडेमोड करा. क्रेडिट म्हणजे पेपरचं वजन मोजायचं एकक. थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास. म्हणजे 2 क्रेडिटच्या पेपरला सत्रात 30 तास, आठवड्याला दोन. त्याचे 75 टक्के होतात साडेबावीस, म्हणजे 23. सात दांड्या खपतात. ऐकायला भरपूर वाटतात. पण टक्केवारी वेळापत्रकातल्या तासांवर नाही, प्रत्यक्ष झालेल्या तासांवर निघते. गणपती, दिवाळी, गॅदरिंग यांत सहा तास बुडाले आणि 24च झाले, तर 18 हवेत, आणि सातव्या दांडीला तुम्ही डिफॉल्टर लिस्टमध्ये, म्हणजे हजेरी कमी पडलेल्यांच्या यादीत. सुट्टी मिळाली की मुलांना वाटतं सुटलो. प्रत्यक्षात दांड्यांचा कोटा आकसलेला असतो.

‘नंतर भरून काढू’ हे तर त्याहून फसवं. समजा 20 तास झाले आणि तुम्ही 12ला होतात. टक्केवारी 60. 75 टक्क्यांना 15 हवे होते, कमी पडले तीन. आता हे तीन भरून काढायला पुढचे तीन तास बसून चालत नाही, कारण प्रत्येक नव्या तासाबरोबर झालेल्या तासांचा आकडाही एकाने वाढतो. सलग 12 बसावे लागतात. सोपा ठोकताळा: जितके तास कमी, त्याच्या चौपट सलग हजेरी. आणि 30च्या सत्रात आता उरलेत फक्त 10. दहाही बसलात तरी 22 होतात, म्हणजे 73.33 टक्के. डिफॉल्टर लिस्ट सत्राच्या शेवटी लागते, पण तिच्यातलं तुमचं नाव विसाव्या तासालाच पक्कं झालेलं असतं.

प्रॅक्टिकलला तर एवढीही ऐसपैस जागा नाही. तिथे एका क्रेडिटला 30 तास, दोन-दोन तासांची बॅच धरली तर 15 वेळा. त्यातल्या 12 हव्यात, दांड्या फक्त तीन. थिअरीचा तास बुडाला तर तो विषय वाचून काढता येतो. टायट्रेशन (एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून त्याचं प्रमाण काढायचा प्रयोग) वाचून काढता येत नाही. सर्टिफाइड जर्नलशिवाय, म्हणजे शिक्षकांनी सही केलेल्या प्रयोगवहीशिवाय, प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत, म्हणून सबमिशनच्या आदल्या रात्री दुसऱ्या बॅचच्या मुलाचं जर्नल समोर ठेवून उतरवणं चालतं. ते कुठे पकडलं जातं, सांगतो. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या ब्युरेटवर (द्रावण मोजून सोडायच्या खुणांच्या नळीवर) सर्वांत लहान भाग 0.1 मिलीचा असतो. त्यावरून 9.3 किंवा 9.4 वाचता येतं, फार तर अंदाजाने 9.35. जर्नलमध्ये 9.37 दिसलं की ते रीडिंग ब्युरेटवर नाही, कॅल्क्युलेटरवर जन्मलंय हे मॅडमना लांबून कळतं. शिवाय द्रावण बॅचगणिक नव्याने केलेलं असेल तर त्या दुसऱ्या बॅचचं कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग (पुन्हा पुन्हा सारखं येणारं रीडिंग) तुमच्या बॅचला लागूच होत नाही. आणि जर्नलच्या इंडेक्सवरची तारीख कॅटलॉगशी, म्हणजे हजेरीपटाशी, ताडून पाहिली की त्या दिवशी तुम्ही गैरहजर होतात, हेही निघतं. म्हणून रीडिंग घेतल्या घेतल्या रफ वहीवर सही घ्यायची, आणि फेअर जर्नल पुढच्या प्रॅक्टिकलच्या आत उतरवायचं.

मेडिकलने हजेरी वाढत नाही. गैरहजर ते गैरहजरच राहतं. नियमात बसली तर तूट माफ होते, तीही प्राचार्यांच्या अधिकारात आणि मर्यादेत. सत्राच्या शेवटी, नेमक्या कमी पडलेल्या दिवसांचं सर्टिफिकेट घेऊन गेलात तर समोरचा माणूस काय समजायचं ते समजतो. आजारातून उठल्यावर पहिल्याच दिवशी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्क्यानिशी पोहोच घ्या. एनएसएस, एनसीसी, क्रीडा स्पर्धांचंही तेच. भाग घेतलेल्यांची यादी ऑफिसात पोहोचते आणि तिथेच राहते. ती तारखांसह प्रत्येक विषयशिक्षकाच्या कॅटलॉगपर्यंत स्वतः न्यावी लागते.

नोट्सबद्दल एकच सांगतो. संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा 2024-25पासून आला, स्वायत्त महाविद्यालयांत त्याच्या आदल्या वर्षी. झेरॉक्स सेंटरवरच्या गठ्ठ्यांत त्याआधीच्या अभ्यासक्रमाची पानंही असतात. पैसे देण्याआधी पहिल्या पानावरचा पेपर कोड विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाशी जुळवून बघा. व्हिडिओ जरूर पाहा. पण अंतर्गत चाचणीची तारीख ते सांगत नाहीत, आणि जिथे अंतर्गत आणि लेखी दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं, तिथे चाचणी बुडवलेल्या मुलाचे लेखीतले चांगले गुणही त्याला वाचवत नाहीत.

आता काम करून शिकणाऱ्यांबद्दल. हे लेखात यायलाच हवं होतं. त्यांच्यासाठी सर्वांत मोलाचा आठवडा पहिला, कारण प्रॅक्टिकलच्या बॅचेस रोल नंबरप्रमाणे तेव्हाच पडतात. दुपारची बॅच कामाच्या आड येत असेल तर सकाळच्या बॅचमधला अदलाबदलीला तयार असणारा कोणी शोधा. दोघांनी मिळून एकच अर्ज करा: दोघांचे रोल नंबर, दोघांच्या सह्या, खाली विभागप्रमुखांची मंजुरी. नुसतं ‘मला जमत नाही, बॅच बदला’ म्हणून गेलात तर नाही म्हणतात, कारण टेबलं आणि उपकरणं मोजकी असतात. जोडीने गेलात तर संख्या बिघडत नाही. तोंडी परवानगीवर बसू नका. कॅटलॉगवर नाव जुन्याच बॅचला राहतं आणि हजर असूनही गैरहजेरी लागते.

कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजना असेल तर तीही बघा. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत किंवा ऑफिसात काम मिळतं, मोबदला तासांवर असतो, आणि काम आवारातच असल्याने तासांच्या मधल्या वेळेत बसतं. अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच भरावा लागतो. चौकशी विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे. आणि ज्याची नोकरी पूर्ण वेळ आहे, त्याने नियमित कॉलेजात नाव घालून दर सत्राला माफीचे अर्ज करत बसण्यापेक्षा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा विचार करावा. त्याला कमी लेखण्याची आपल्याकडची खोड सुटली पाहिजे, असं माझं मत.

तुमच्या प्रतिक्रियेच्या तळाशी अजून एक ओळ होती: ‘आमच्याकडे हजेरी विषयवार बघतात, सगळ्यांची सरासरी नाही.’ इथे चूक माझी. मी सरसकट सरासरी लिहिली होती. दोन्ही पद्धती चालतात, आणि विषयवार असेल तर एका विषयातली जास्तीची हजेरी दुसऱ्याच्या कामी येत नाही. आपल्याकडे कोणती, ते माहितीपुस्तिकेतल्या हजेरीच्या नियमात सापडेल. नसेल तर विभागातल्या सरांना विचारा. उशिरा प्रवेश घेतलेल्यांनी हेही विचारावं की मोजणी प्रवेशाच्या तारखेपासून होते की सत्र सुरू झाल्यापासून. लेखातला तो परिच्छेद आज दुरुस्त केलाय, बॅच बदलण्याचं प्रकरणही तिथे जोडलंय.