गाडीला ऊब, मालकाला खाज

टर्बोवाल्या गाडीच्या एक्झॉस्टला हीट रॅप, म्हणजे उष्णता कोंडून ठेवणारी पट्टी, का गुंडाळावा, यामागचं शास्त्र इतकं पटणारं आहे की पुढे काय वाढून ठेवलंय याचा संशयच येत नाही. पेट्रोल टर्बो इंजिन जोरात असलं की मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनातून निघणारा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांमधला, वायू ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचतो. त्याच्या जिवावर टर्बोचं टर्बाइन मिनिटाला लाखावर फेरे मारतं आणि इंजिनात जादा हवा कोंबली जाते. हीच उष्णता पाइपातून बाहेर गेली तर वायू थंडावून आकसतो आणि टर्बाइनचा रेटा घटतो. शिवाय बॉनेटखालच्या वायरी भाजून निघतात त्या वेगळ्याच. तेव्हा पाइप गुंडाळा, उष्णता आतच कोंडा. कुणीही मान डोलावेल.

फक्त ही पट्टी बहुधा काचेच्या धाग्यांची असते, हे सांगताना सगळ्यांचा आवाज जरा खाली येतो.

पट्टी आधी पाण्यात भिजवायची, म्हणजे धागे कमी उडतात आणि ती घट्ट बसते. प्रत्येक वेढा आधीच्यावर पाव इंच चढवायचा. सरळ पाइपावर हे झकास जमतं, पण डाउनपाइपमध्ये, म्हणजे टर्बोतून पुढे निघणाऱ्या पाइपात, सरळ असं काही नसतंच. वळणाच्या आतल्या अंगाला थरावर थर साचतात, बाहेरच्या अंगाला लोखंड उघडं पडतं. नशीबवान लोक पाइप सोडवून टेबलावर गुंडाळतात. माझ्या पाइपाचे नट गंजून जागीच समाधिस्थ झालेले, म्हणून मी गाडीखाली उताणा. एका हाताने पट्टी ताणून धरलेली, दुसऱ्याने भेंडोळं फटीतून पलीकडे ढकलायचं, आणि स्टीलचा टाय आवळायला दात. त्यात हात वर असल्यामुळे पट्टीतलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आणि तिथून थेट काखेत. नुसतं पाणी नव्हे, त्यात बारीक काचही. आणि खाजवायचं नाही, खाजवलं की ती आणखी रुतते.

‘‘तो शर्ट माझ्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये गेला तर तूही गाडीखालीच झोप,’’ बायको दारातूनच म्हणाली. गाडीचा पाय मोडला का, हे विचारून झालं होतंच. ते सगळेच विचारतात.

पहिल्यांदा इंजिन तापलं की नवा रॅप भरपूर धूर सोडतो आणि थोड्या वेळाने गप्प होतो. हे मला माहीत होतं. शेजारच्या काकांना नव्हतं. ते भरलेली बादली घेऊन धावत आले. लालबुंद बिडाच्या मॅनिफोल्डवर गार पाणी पडलं तर ते तडकेल, हे समजावायला वेळ नव्हता. मी दोन्ही हात पसरून मध्ये उभा राहिलो. बादली माझ्यावर रिकामी झाली. खरं सांगतो, खाजेला इतकं बरं दिवसभरात वाटलं नव्हतं.

आता टर्बो लवकर जागा होतो का? मला वाटतं, होतो. पण एवढं सोसल्यावर तसं वाटावंच लागतं. बॉनेट उघडल्यावर तोंडावर येणारी झळ मात्र नक्की कमी झाली.

मेकॅनिकने वाकून बघितलं आणि म्हणाला, ‘‘छान झालंय. पण आत ओल धरते हो, साधं लोखंड गंजतं. तेल गळून मुरलं तर पेटही घेईल. अधूनमधून सोडून बघत जा.’’

‘‘आणि पुन्हा तोच गुंडाळायचा?’’

‘‘छे! तापून तापून ठिसूळ होतो तो. हात लावला की नुसता भुगा.’’ मग गाडीपासून दोन पावलं मागे सरकत म्हणाला, ‘‘तेवढं काम तुमचं तुम्हीच करा, साहेब.’’