मिट्ठू नाही हो, कॉन्यूर आहे ती!

आमच्या चिंगीची, म्हणजे कॉन्यूर जातीच्या परदेशी पोपटाची, नोंदणी करायची तर वन खात्याचं फर्मान: "पक्षी घेऊन या, समक्ष बघायचाय." मे महिना, भुसावळचं ऊन, वेळ दुपारी एकची. पिंजऱ्यावर ओला पंचा टाकून मी रिक्षात. पोचलो तर साहेब जेवायला गेलेले. दीड तास! अख्ख्या हॉलमध्ये एकच पंखा, तोही किरकिरा, आणि त्याचा वारा फक्त साहेबांच्या रिकाम्या खुर्चीला. शेवटी पिंजरा उचलला आणि त्याच खुर्चीवर ठेवला. चिंगीने तिथे जे करायचं ते केलं. मी पुसलं नाही.

साहेब आले, पिंजऱ्यात बोट घातलं. "बोलतो का मिट्ठू?"

हा शब्द माझ्या डोक्यात जातो. लग्नात, रेल्वेत, किराणा दुकानात, कुठेही. पण निदान ज्यांच्यापुढे फॉर्म पडलाय त्यांनी तरी! "साहेब, सन कॉन्यूर. मादी आहे. फॉर्मवर लिहिलंय." फॉर्म न उघडताच, "जन्मदाखला?" अहो, अंड्यातून आली ती! माझ्याकडे आहे ते 2019 चं बिल, कोंबडीखाद्याच्या पावतीच्या पाठीमागे लिहिलेलं: 'पिवळा पोपट 1 नग, रोख.' साहेबांनी ते उजेडात धरून नोट तपासावी तसं तपासलं. मग शिपाई आला, "हाऊ चावस का?" हो, चावते. घाला की बोट.

वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती 2022 ची, परदेशी प्राणी-पक्ष्यांच्या नोंदणीचे नियम फेब्रुवारी 2024 चे, मुदत 28 ऑगस्ट 2024. हजार रुपये भरलेत. मी 27 च्या रात्री फॉर्म भरायला बसलो आणि लाइट गेली, यात माझी काय चूक? सहा महिने काय करत होतास, हे बायकोने विचारून झालंय, तुम्ही नका विचारू. आणि 2020 मध्ये कागदपत्रांशिवाय जाहीर करायची सोय होती, तेव्हा मीच म्हणालो होतो, "सरकारला काय पडलंय आपल्या चिंगीचं." असो. शेजारच्याकडे बजीच्या, त्या चिमुकल्या रंगीत पोपटांच्या, चार जोड्या, त्याला काही नाही, बजी आणि तुरेवाले कॉकटील नोंदणीच्या यादीतच नाहीत. तो रोज सकाळी गच्चीवरून माझ्याकडे बघून हसतो.

पिल्लू झालं तर कळवा, मेली तरी कळवा. अरे पण आजारी पडली तर दाखवू कोणाला? मागे हिची पिसं गळायला लागली तेव्हा आमच्या तालुक्याचे डॉक्टर, जन्म गेला म्हशींत, म्हणाले, "कोंबडी असती तर म्हटलं असतं, करून टाका रस्सा."

आणि खरी तिडीक पुढे. खाली उतरलो तर चहाच्या टपरीवर पिंजरा. त्यात हिरवा, लाल कंठाचा आपला देशी पोपट मिरची सोलतोय. हा खरा मिट्ठू! हा पाळणं सरळ गुन्हा, तीन वर्षांपर्यंत आत. आणि साहेबांचा कटिंग याच टपरीवरून वर जातो! गयाना-ब्राझीलकडच्या जातीच्या पक्ष्याला दाखला, आणि इथल्या झाडावरून उचललेल्याला मिरची? मी गर्रकन मागे वळलो, आता वर जाऊन टेबलच आपटायचं. दोन पायऱ्या चढलो आणि धरणगावची फुई, म्हणजे माझी आत्या, आठवली. तिच्या ओट्यावर राघू आहे. मी शाळेत होतो तेव्हापासून ओट्यावर राघूच आहे, मधे एकदा बदललाही असेल, फुई कबूल करत नाही. दिवाळीत मीच त्याला केळं भरवलं. तिला कायदा सांगायला जावं तर म्हणेल, "राघूले हात लाई दखाड!" आणि हातात लाटणं असेल.

उतरलो खाली. त्याच टपरीवर चहा घेतला. बरा होता.

कागदावर शेरा मिळालाय: 'पोपट पिवळा, समक्ष पाहिला. बिल अस्पष्ट. पुन्हा यावे.' आणि चिंगी, जिने सहा वर्षांत माझं नाव एकदा घेतलं नाही, ती संध्याकाळपासून त्या पंख्यासारखी किरकिरतेय. हुबेहूब.