आत्याच्या अर्जावर मी सही का केली नाही

गेल्या आठवड्यात अंबाजोगाईहून आत्याने मोबाईलवर एक अर्ज पाठवला. मुख्यमंत्र्यांच्या नावाचा. मागणी साधी होती : विनापरवाना शस्त्र सापडलं की जामीन नाही, कमीत कमी दहा वर्षं तुरुंग, आणि त्यातला एक दिवसही कमी करायची मुभा न्यायाधीशाला नको. खाली तिने लिहिलं होतं, "तुमच्या अमेरिकेत असंच असतं ना रे? तू पण सही कर."

आत्याचा संताप मला कळतो. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला, तेव्हा ती रोज रात्री फोन करायची आणि बोलता बोलता तिचा आवाज कापायचा. त्यानंतरच बीड जिल्ह्यात बाराशेहून जास्त लोकांकडे शस्त्र परवाने असल्याचं साऱ्या महाराष्ट्राला कळलं. हवेत गोळ्या झाडतानाचे व्हिडिओ घरोघरी पाहिले गेले. ज्या गावात आपली माणसं राहतात तिथलं हे बघून कोण शांत बसेल?

पण मी न्यू जर्सीत अठरा वर्षं राहतोय आणि "असंच असतं" म्हणजे काय असतं, ते इथे जवळून पाहिलंय.

या राज्यात 1981 पासून ग्रेव्ह्ज कायदा आहे. परवान्याविना पिस्तूल जवळ बाळगलं की आज किमान साडेतीन वर्षं आत, तेवढ्या काळात पॅरोल नाही. ऑक्टोबर 2013 मध्ये शेजारच्या पेनसिल्वेनिया राज्यातल्या फिलाडेल्फियाची एक बाई गाडीने न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीकडे निघाली होती. दोन मुलांची एकटी आई, रक्ताचे नमुने घ्यायचं काम करणारी. दोनदा लुटली गेली म्हणून तिने रीतसर पिस्तूल घेतलं होतं, पेनसिल्वेनियाचा परवानाही काढला होता. लेन बदलण्यावरून पोलिसाने गाडी थांबवली, तेव्हा तिने आपणहून सांगितलं, माझ्याजवळ पिस्तूल आहे, हा परवाना. पेनसिल्वेनियाचा परवाना नदीपलीकडे चालत नाही, हे तिला माहीत नव्हतं. चाळीसहून जास्त दिवस ती कोठडीत होती.

पहिल्यांदा चूक करणाऱ्याला खटल्याऐवजी देखरेखीखाली ठेवायचा एक मार्ग इथे आहे. तिला तो सरकारी वकिलाने नाकारला. त्याच सुमारास त्याच कार्यालयाने कॅसिनोच्या लिफ्टमध्ये होणाऱ्या बायकोला ठोसा मारून बेशुद्ध पाडणाऱ्या एका नामवंत फुटबॉलपटूला मात्र तो मार्ग दिला. गदारोळ झाला, राज्याच्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे सर्वोच्च कायदा अधिकाऱ्यांनी, नवी सूचना काढली, मग तिलाही तो मार्ग मिळाला. एप्रिल 2015 मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांनी तिला माफी दिली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि जिच्यासाठी गदारोळ झाला नाही अशी बाई तुरुंगात साडेतीन वर्षं काढते.

आत्या, यातली मेख नीट बघ. आपल्याला वाटतं, शिक्षा कायद्यातच ठरवून टाकली की मर्जीचा प्रश्न मिटतो. तो मिटत नाही. ती मर्जी न्यायाधीशाकडून निघून सरकारी वकिलाच्या टेबलावर जाते. कुठलं कलम लावायचं, कुठलं गाळायचं, कुणाला सवलत द्यायची हे तो ठरवतो. न्यू जर्सीत त्याच्या मागणीशिवाय किंवा संमतीशिवाय न्यायाधीशाला त्या किमान शिक्षेखाली उतरता येत नाही. न्यायाधीश निदान उघड्या न्यायालयात बसतो, कारणं लिहितो, त्याच्याविरुद्ध अपील होतं. वकिलाच्या खोलीत काय ठरलं ते कुणी वाचू शकत नाही.

2004 मध्ये युटा राज्यातल्या एका तरुणाला 55 वर्षांची शिक्षा झाली. तीनदा गांजा विकला, त्यातल्या दोनदा त्याच्याकडे पिस्तूल होतं आणि घरातही बंदुका सापडल्या, असा आरोप. पिस्तूल त्याने कुणावर रोखलं नव्हतं, झाडलं नव्हतं. सरकारी वकिलांनी आधी पंधरा वर्षांची तडजोड पुढे केली होती. त्याने ती नाकारली, तसे आरोप वाढले. शिक्षा देणारे न्यायाधीश पॉल कॅसल यांनी निकालात लिहून ठेवलं की विमान पळवणाऱ्यालाही याहून कमी शिक्षा असते, ही शिक्षा क्रूर आहे, पण माझे हात बांधलेले आहेत. तो 2016 मध्ये सुटला. प्रत्येक आरोपाची किमान शिक्षा आधीच्या शिक्षेवर रचत जायची, ज्यामुळे त्याचे 55 वर्षं झाले, तो नियम अमेरिकी संसदेने 2018 मध्ये सैल केला. मधल्या काळात आत गेलेल्यांची वर्षं कोण परत देणार?

शाळांतही हेच. 2013 मध्ये मेरीलँडमधल्या सात वर्षांच्या मुलाला, खाऊ कुरतडून त्याला पिस्तुलाचा आकार दिला म्हणून, दोन दिवस शाळेतून काढलं होतं. दिवाळीला माझ्या लेकाच्या दप्तरातून टिकल्यांचं पिस्तूल माझ्या बायकोने धावत जाऊन काढून घेतलं, तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

आता आपल्याकडे. कायदा मऊ आहे असं नाही. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने विनापरवाना बंदुकीची किमान शिक्षा एक वर्षावरून दोन वर्षं झाली, बंदी असलेल्या शस्त्राला सात. साध्या विनापरवाना बंदुकीच्या बाबतीत न्यायाधीशाला "पुरेशी आणि विशेष कारणे" नोंदवून त्याखाली जाता येतं. अर्जात नेमकं हेच काढून टाकायचंय. विमानतळावर कुणाच्या बॅगेच्या तळाशी एखादं काडतूस सापडतं, कधीकाळी वडिलांनी ठेवलेलं. गुन्हा दाखल होतो, आणि जाणूनबुजून बाळगलेलं नाही म्हणून उच्च न्यायालयं असे गुन्हे रद्द करतात. न्यायाधीशाचं डोकं चालतं म्हणूनच हे होतं. शस्त्र कायद्याच्या कलम 27(3) मध्ये तर सक्तीची फाशी होती. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2012 मध्ये ती घटनाबाह्य ठरवली, कारण माणूस आणि प्रसंग न बघता दिलेली शिक्षा न्याय ठरत नाही.

आणि आत्या, बीडमधले ते बाराशे परवाने कायदेशीरच होते ना? दहा वर्षांच्या शिक्षेने त्यातल्या एकालाही धक्का लागत नाही. न्यू जर्सीत पिस्तूल विकत घ्यायलाच बोटांचे ठसे, मानसिक आरोग्याच्या नोंदी, ओळखीच्यांची नावं, सगळं पोलीस तपासतात. बंदुकीने मरणाऱ्यांचं प्रमाण देशात सर्वांत कमी असलेल्या राज्यांत हे राज्य आहे, त्याचं श्रेय मी या दारावरच्या तपासणीला देतो. गावठी कट्टा बाळगणारी पोरं कलमं वाचून बाहेर पडत नाहीत. पकडले जाऊ, आणि वर्षभरात निकाल लागेल, एवढी धास्ती असली तर मात्र हात आखडतो. आपल्याकडे खटलेच वर्षानुवर्षं चालतात.

म्हणून या अर्जावर मी सही केलेली नाही. दुसरा अर्ज लिहून तुला पाठवलाय. प्रत्येक परवाना कुणाच्या शिफारशीवर दिला, पोलिसांनी त्यावर काय शेरा मारला, अर्जदारावर तेव्हा किती गुन्हे होते, हे जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर करावं, एवढीच मागणी आहे. गावात फिरव. पहिली सही माझी आहे, दुसरी जागा तुझ्यासाठी सोडलीय.