म्हणजे तुला असं म्हणायचंय की...

आमच्या ह्यांच्या कंपनीत (अंबड एमआयडीसी, पुढचं विचारू नका) अ‍ॅक्टिव्ह लिसनिंगचं (म्हणजे समोरच्याचं नीट ऐकून त्याचं म्हणणं त्यालाच परत सांगायचं) ट्रेनिंग झालं आणि तेव्हापासून घरात माझं ऐकलं जातंय. इतकं ऐकलं जातंय की नको झालंय.

आधी कसं, मी बोलायचे, हे मोबाईलमध्ये मान घालून "हं, हं" करायचे, मग मी आवाज चढवला की काम व्हायचं. सगळं सेट होतं. आता मोबाईल टेबलावर पालथा, अंग पुढे झुकलेलं, आणि डोळे असे रोखलेले की मला वाटतं दातात कोथिंबीर अडकलीय की काय.

"अहो, गॅस संपला. सिलिंडर बुक करा."

"म्हणजे तुला असं म्हणायचंय की गॅस संपलाय."

"हो, तेच म्हटलं."

"आणि त्यामुळे तुझी चिडचिड होतेय."

तोवर होत नव्हती हो! आणि सिलिंडर? तो शेवटी मीच बुक केला.

परवा नाशिकच्या द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, गाडीतून उतरून पळायचीही सोय नाही, तिथे तर माझं माहेर, माझी नोकरी, माझी पाठदुखी सगळं मला परत ऐकवून झालं. सिग्नल सुटला तरी ह्यांचे डोळे माझ्याकडेच, मागून हॉर्नचा नुसता धिंगाणा.

मी मग चिडून ह्यांची ट्रेनिंगची फाईल वाचून काढली आणि थोडं गुगल केलं. तर हे प्रकरण १९५७चं, कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी लिहिलेलं. आणि त्यांनी सरळ सांगून ठेवलंय, समोरच्यात मनापासून रस पाहिजे, नुसतं नाटक केलंत तर त्याला लगेच कळतं. ही ओळ फाईलमध्ये नाही, लंचच्या घाईत गळली असेल. दुसरं म्हणजे, माणूस मिनिटाला साधारण सव्वाशे-दीडशे शब्द बोलतो, ऐकणाऱ्याचं डोकं त्याहून कितीतरी फास्ट चालतं, म्हणून मधल्या मोकळ्या वेळात मन भटकतं. आमच्या ह्यांचं भटकत नाही, ते तेवढ्यात पुढचं "म्हणजे" जुळवत असतात.

कंपनीत तरी काय वेगळं. एक जुना ऑपरेटर येऊन म्हणाला, साहेब, मशीनचा आवाज वेगळा येतोय. हे म्हणाले, "म्हणजे त्या आवाजानं तुम्ही अस्वस्थ आहात." तो म्हणाला, "मी बरा आहे साहेब, बेअरिंग अस्वस्थ आहे." हे ह्यांनीच घरी कौतुकानं सांगितलं, बेअरिंगचं पुढे काय झालं ते मात्र ह्यांना माहीत नाही!

आणि आमच्या सासूबाई. टीव्हीवर सिरीयल चालू, हातात मेथीची जुडी, मान वर करणार नाहीत, मध्येच "लसूण आहे का गं" विचारणार. मी ऑफिसचं काहीबाही बोलत होते, त्यांचं लक्ष नाही असंच मला वाटलं. तर चार दिवसांनी म्हणाल्या, "त्या तुझ्या मॅडमचं सांगताना दोनदा अडखळलीस. काय बोलली ती तुला?" आता यांच्यापुढे काय लपवणार? सगळं सांगून टाकलं, थोडं रडलेही.

हे दारात उभं राहून बघत होते. म्हणाले, "आई, तुझा आय कॉन्टॅक्ट अजिबात नाहीये."

"मेथी निवडायला बस."

"म्हणजे तुला असं म्हणायचंय की..."

आईंनी अख्खी जुडी त्यांच्या मांडीवर टाकली.