"असा एक खमका माणूस पाहिजे" म्हणणाऱ्या मित्रांनो

सकाळी आमच्या डॉक्टरांच्या ग्रुपवर जॉर्जियाचं रील आलं. काचेची पोलीस चौकी, लाचखोरी बंद, आणि खाली आपल्याच लोकांचं "असा एक खमका माणूस पाहिजे". ओपीडी संपेपर्यंत डोकं तापलेलं होतं.

मी २०११ ला जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीला मेडिकलला गेलो. तिथल्या साबुर्तालो भागात सोव्हिएत काळातल्या बिल्डिंगमध्ये एका आजींकडे भाड्याने राहायचो, आम्ही सगळे तिला बेबो म्हणायचो, म्हणजे आजीच. तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष साकाश्विली, त्याने ट्रॅफिक पोलीस एका झटक्यात घरी बसवले, लाच खरंच थांबली, मान्य. पण बेबोचा पुतण्या किरकोळ चोरीत आत गेलेला. सप्टेंबर २०१२ मध्ये ग्लदानी जेलमधल्या कैद्यांच्या छळाचे व्हिडिओ टीव्हीवर लागले आणि बेबो तव्यावरची खाचापुरी (चीज भरलेली रोटी) तशीच सोडून टीव्हीला नाक लावून उभी राहिली, एकेका चेहऱ्यात पुतण्या शोधत. किचनभर धूर झाला तरी हलली नाही. गॅस मी बंद केला.

दोन आठवड्यांनी निवडणूक. साकाश्विलीच्या विरोधात उतरलेल्या इवानिश्विलीच्या पक्षाला मत देऊन आली आणि रडली, आता हा सोडवेल म्हणाली. रशियात अब्जावधी कमावलेला माणूस! २००३ च्या आंदोलनात साकाश्विलीसाठी पण हीच बेबो थंडीत रस्त्यावर उभी होती. आणि त्यांनी ज्याला घालवलं तो शेवर्दनाद्झे, मूळचा सोव्हिएत मंत्री, त्यालाही १९९२ मध्ये देश वाचवायलाच बोलावलेलं ना?

अरे माणूस बदलून काय होतं, जज कोणाचा, पोलीस कोणाचे, चॅनेल कोणाचं हे जर जो जिंकेल तोच ठरवणार असेल तर? २००७ मध्ये साकाश्विलीने इमेदी या विरोधी टीव्ही चॅनेलमध्ये पोलीस घुसवले. आता २०२१ पासून तो स्वतः जेलमध्ये आहे. इवानिश्विली जेमतेम वर्षभर पंतप्रधान होता, पण दोऱ्या अजून त्याच्याच हातात. युरोपियन युनियनमध्ये जायचं हे घटनेत लिहिलंय आणि २८ नोव्हेंबर २०२४ ला सरकार सांगतं, २०२८ संपेपर्यंत बोलणी नकोत!

रशियाचं ओझं आहे, पाचवा हिस्सा जमीन त्यांच्या ताब्यात आहे, माहितीये मला. पण कोर्टं खिशात घाला असं सांगायला रशिया आला नव्हता, ते यांनी आपल्या हाताने केलं.

त्या डिसेंबरात बेबोचा रात्री व्हिडिओ कॉल आला. नात रुस्तावेली या तिबिलिसीतल्या मुख्य रस्त्यावरच्या, याच निर्णयाविरुद्धच्या मोर्चातून भिजून आलेली, पोलिसांनी पाण्याचे फवारे मारलेले, कोट हीटरवर टाकलेला. अश्रुधुराने डोळे जळतायत, काय घालू विचारत होती. काही घालू नको, साध्या पाण्याने धूत राहा म्हटलं. फोन ओट्यावर ठेवून ती नातीला बेसिनशी घेऊन गेली, मला बराच वेळ फक्त नळाचा आवाज येत होता.