राखेसकट अस्सल

गेल्या रविवारी मी वीस डॉलर देऊन राख विकत घेतली. कुणाची, ते अजून कळलेलं नाही.

माझी गाडी डॅटसन 240झेड (डॅटसन हा निस्सानचाच ब्रँड), मॉडेल 1972. इंजिनाची काळजी नाही. एल-24 ला पिस्टन मिळतात, गॅस्केट मिळतात, दोन्ही कार्ब्युरेटरची किट घरपोच येते. रडगाणं सुरू होतं ते दार उघडून आत बसल्यावर.

आधी डॅशबोर्ड. पोलादी सांगाडा, त्यावर फोम, त्यावर व्हायनलची कातडी. उन्हात व्हायनलमधला मऊपणा उडून जातो, कातडी आकसते, खालचा फोम कडक होतो आणि एका दुपारी मीटरच्या वरच्या घुमटावर भेग पडते. कॅलिफोर्नियाच्या उन्हात उभी राहिलेली आणि डॅश न तडकलेली 240झेड म्हणजे न भांडणारी हाउसिंग सोसायटी. असते म्हणतात. अशा वेळी लोक वरून प्लॅस्टिकचं पातळ टोपरं सिलिकोनने चिकटवतात. करू नका. पुढे कधी ते काढायला गेलात तर जुनं व्हायनलही सालीसारखं निघून येतं. भेग भरायचीच असेल तर तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा, म्हणजे ती पुढे पळणार नाही. कडा इंग्रजी व्हीसारख्या तिरक्या कापा, लवचिक फिलर पातळ थरांनी भरा, घासा, वर दाणेदार टेक्स्चर मारा आणि शेवटी व्हायनलचा रंग. पत्र्याची नेहमीची लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीत तर पहिल्याच उन्हाळ्यात भेग त्याच जागी हजर. डॅश तापून फुगतो, लांबी फुगत नाही.

हे सगळं टाळायला दुसरा डॅशच आणावा म्हटलं, तर जपानमधल्या लिलावात न तडकलेले, देखणे डॅश दिसतात. फोटो पाहून जीव हरखतो. मग ध्यानात येतं की तिकडे स्टिअरिंग उजवीकडे. आपल्या मुलुखात हेच उजवं स्टिअरिंग घेऊन जन्म काढला, आणि आता नेमकं तेच आडवं येतं.

दोन सीटांमधल्या उंचवट्यावरचं, म्हणजे बोगद्यावरचं, चौकटी-चौकटीचं व्हायनल ही आणखी एक गंमत. मूळचं नक्षीकाम उष्णतेने दाबलेलं आहे, त्यात दोरा नाही. हौशी कारागीर ते शिवून देतो आणि म्हणतो, बघा किती मजबूत. आपल्याकडे गोधडीचं कौतुक टाक्यांवरून होतं; इथे टाका दिसला की जाणकार तोंड फिरवतो. मागच्या प्लॅस्टिकच्या पॅनलांना पुश-रिव्हेट, म्हणजे दाबून बसवायचे प्लॅस्टिकचे खिळे, असतात. पन्नास वर्षांत त्यांचा पापड झालेला असतो. हेअर ड्रायरने पॅनल कोमट करा, रिव्हेटची मधली पिन आधी सोडवा, मगच कड उचला. उलट क्रमाने गेलात तर कान तुटतो, आणि बिनकानाच्या पॅनलला बाजारात कुणी विचारत नाही.

पार्ट नंबर दहा अक्षरांचा. पहिली पाच सांगतात वस्तू कोणती, पुढची पाच सांगतात कुठल्या गाडीची. आपल्या गाडीला ई-41 वाले नंबर बघायचे. ते टाकले की बहुतेक वेळा पुढे तीनच अक्षरं येतात: एनएलए. म्हणजे आता मिळणार नाही. निस्सानच्याच आर-32 स्कायलाइन जीटी-आर गाडीवाल्यांसाठी कंपनीनेच 2017 पासून हेरिटेज पार्ट, म्हणजे जुन्या गाडीचे भाग नव्याने, काढायला घेतले. त्यांचं भाग्य. आम्ही रविवारी पहाटे पाचला टॉर्च घेऊन स्वॅप मीटला, म्हणजे जुन्या सुट्या भागांच्या बाजाराला, जातो.

तिथेच तो म्हातारा भेटला. घडीच्या खुर्चीत बसलेला, समोर चादर, चादरीवर चोकची दांडी, थांबलेलं घड्याळ (ही घड्याळं थांबलेलीच सापडतात, आत क्वार्ट्झचं यंत्र बसवून घ्यावं लागतं) आणि ॲशट्रे.

"ही 240झेडची का?"

"झी," तो म्हणाला.

"काय?"

"झेड नव्हे. झी."

मी मुकाट्याने झी म्हणालो आणि ॲशट्रे उचलली.

"सपाट धर!" तो खुर्चीतून अर्धा उठला. "सांडेल ना!"

"काय सांडेल?"

"राख. ओरिजिनल आहे. पहिल्या मालकाची."

क्षणभर वाटलं, पहिला मालकच आत आहे. मी डबी दोन्ही हातांनी धरली. "म्हणजे... त्यांच्या सिगरेटची?"

"मग कशाची? एकच मालक, एकच ब्रँड. ॲशट्रेचे साठ, राखेचे वीस."

"मला राख नको. डबी द्या फक्त."

"राख वेगळी विकत नाही."

"मग वीस डॉलर वेगळे कसले?"

"वेगळी मिळत नाही म्हणूनच." हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं की मला दोन मिनिटं पटलंसुद्धा. शेजारच्या टेबलवाला मान डोलावत म्हणाला, "परवा एकाने सीटखालची वाळू नेली. बीचची. सत्तरच्या दशकातली."

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जा. विकणारा वस्तू आपटून, झटकून, सदऱ्याला पुसून हातात देतो; झटकण्याचे पैसे मागत नाही. इथे न झटकण्याचे मागतात. मी म्हणालो, बरं, निदान खालून बघू द्या. तो म्हणाला, वाकडी केलीस की राख हलली, राख हलली की ती ओरिजिनल राहिली नाही.

मी ऐंशी डॉलर दिले. हसू नका. 1970 मध्ये ही अख्खी गाडी 3,526 डॉलरला मिळत होती. नव्वदच्या दशकात निस्साननेच जुन्या 240झेड विकत घेऊन, नव्यासारख्या करून, सुमारे 25 हजारांना विकल्या आणि मोजक्याच करून थांबले. त्यांना का थांबावंसं वाटलं असेल, हे मला रविवारी दुपारी कळलं. चिडचिड पैशांची नाही. चांगल्या, चालत्या गाड्या मोडून त्यांचे खिळे-दांड्या 'रेअर' म्हणून विकणारे हेच लोक, आणि अस्सलपणाची शिकवणीही आपण यांच्याकडूनच घ्यायची!

ॲशट्रे मांडीवर धरून पासष्टच्या स्पीडने घरी आलो. बायको दारात होती. "हे काय?" म्हणाली. "ॲशट्रे." "आणि आत?" मी सांगितलं. ती दोन पावलं मागे सरकली. "आधी आंघोळ कर."

गॅरेजमध्ये राख दह्याच्या रिकाम्या डब्यात ओतली. तेव्हा दिसलं, डबीचा तळ गंजून करंगळी जाईल एवढा खाल्लेला. भोकावर चांदीचा कागद अंथरलेला आणि त्यावर राख. कागद मात्र नवा कोरा होता. सिगरेटच्या पाकिटातला नव्हे, स्वयंपाकघरातल्या रोलमधला. तेव्हा पत्र्याची कुठलीही डबी घेताना आतून बोट फिरवा आणि खालून टॉर्च मारा, कुणी काही म्हणो.

आता पत्र्याचा तुकडा कापलाय, गंज घासून झालाय, उद्या आतून इपॉक्सीने बसवीन. दह्याचा डबा फळीवर आहे. बायको रोज विचारते, मी रोज म्हणतो टाकतो. वीस डॉलरची आहे हो.